पाचोरा जंक्शन हाताने घडवताना: २२ मिमीचा रूळ आणि १० मिमीचा रूळ

सांधेवाला (भुसावळ)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून घराच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत पाचोरा स्टेशनचं मॉडेल उभं करतोय. पाचोराच निवडलं, कारण तिथे दोन वेगळ्या रेल्वे शेजारी शेजारी होत्या. एकीकडे मुंबई-भुसावळ मेन लाईन, साडेपाच फुटी ब्रॉडगेज. पलीकडे जामनेरला जाणारी अडीच फुटी छोटी गाडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर. ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. माझं आजोळ पहूरचं. मामाकडे जायचं म्हणजे त्याच गाडीने, खिडकीत बसून.

पण हा धागा रुळांबद्दल आहे. गाड्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, रुळांबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

सुरुवात मीही तयार रुळांवरच केली. एचओ स्केलचा, १६.५ मिमी गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर. डबे ठेवले, इंजिन ठेवलं, खाली वाकून डोळा रुळाच्या पातळीला आणला. वडील शेजारी उभे होते. ते याच सेक्शनला रूळ तपासणारे कीमन होते, खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपलं बीट चालायचे. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ही आपली लाईन नाही. बारीक आहे."

त्यांनी मोजलं नव्हतं. मग मी मोजलं. एचओ म्हणजे ८७.१ पट लहान. १६.५ गुणिले ८७.१ म्हणजे १४३७ मिमी, तो युरोपातला स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६. फरक २३९ मिमी, म्हणजे वीतभराहून थोडा जास्तच. दोन रुळांमधली वीतभर जागा गायब झाली तर ज्याने आयुष्यभर रूळ पाहिले त्याला ती दिसणारच.

त्या दिवसापासून ठरवलं की रूळ स्वतः घडवायचे. स्केल घेतलं फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. या स्केलमध्ये आपल्या रेल्वेचा हिशोब तोंडी जमतो. साडेपाच फूट म्हणजे २२ मिमी. अडीच फूट म्हणजे बरोबर १० मिमी. रुळाखालचा नऊ फुटांचा लाकडी स्लीपर ३६ मिमी. इंग्लंडमध्ये हेच स्केल वापरतात, पण पूर्वी मोटारी एचओच्या मापात मावत नसल्याने गाड्या चार मिलिमीटरच्या आणि रूळ मात्र १६.५ चा, अशी तडजोड तिकडे रूढ झाली. ज्यांना ती पटली नाही त्यांनी आधी ईएम गेज आणला (पुढे तो १८.२ मिमीचा झाला), नंतर १८.८३ मिमीचा पी-फोर. पी-फोर म्हणजे त्यांच्या खऱ्या गेजचं खरं माप. आपलं खरं माप २२. तयार मिळत नाही, म्हणून हाताने.

आतापर्यंतची पद्धत अशी. रूळ जर्मन सिल्व्हरचा, कोड ७५ चा, म्हणजे उंची ०.०७५ इंच, १.९ मिमी. जुना ९० पौंडी रूळ १४३ मिमी उंच असतो, तो या स्केलमध्ये १.८८ येतो, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. छोट्या लाईनला कोड ५५. सांध्याचे, म्हणजे एका लाईनीच्या दोन होतात त्या जागेचे, नकाशे टेम्प्लॉट या मोफत सॉफ्टवेअरवर काढतो, त्यात हवा तो गेज टाकता येतो. मग कागदावर छापून त्याच्यावरच रूळ बांधतो. स्लीपर दोन प्रकारचे: तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या, ज्यावर रूळ सोल्डर होतो, आणि मध्ये लाकडी. पीसीबीच्या प्रत्येक पट्टीवर मधोमध कानशीने तांबं खरवडून खाच पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट. खाच पाडली की लगेच मल्टिमीटर लावून बघायचं, वीस पट्ट्या झाल्यावर नाही.

रूळ मापात धरायचा गेज (हत्यार) लेथवर पितळेचा करून घेतला, दोन खाचा असलेल्या काठीसारखा. पहिला आला तो २२.३ निघाला. तो मी व्हर्निअरने न तपासता वापरला आणि सव्वा मीटर लाईन उखडावी लागली. दुसरा शेजारी उभं राहून करून घेतला.

आता अडकलोय ते इथे. साध्या लाईनवर गाडी छान चालते. सांध्यात शिरते, जिभेवरून (सरकत्या निमुळत्या रुळावरून) सुरळीत जाते, आणि क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, टोकदार नाकापाशी चाक खड्ड्यात पडल्यासारखं आदळतं. कधी उजवीकडची गाडी डावीकडे चढते. १ इन ८.५ चा सांधा आहे, म्हणजे साडेआठ पुढे गेल्यावर एक बाजूला. तीन वेळा नाक घासलं. सुचवा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वाचनखूण साठवली. आमच्या धुळे फाट्यावर कुणी असं काम करेल का, ही खूप दिवसांची इच्छा. एक शंका: सांधा थ्रीडी प्रिंट का नाही करत? आता प्रिंटर स्वस्त आहेत.

सांधेवाला

स्लीपर आणि चावीचे (रूळ धरणाऱ्या पाचरीचे) तपशील प्रिंट करता येतील, करणारही आहे. पण चाक ज्यावर फिरतं तो भाग धातूचाच हवा, आणि धातूचा सांधा हातानेच जुळवावा लागतो.

सराफकट्टा (जळगाव)

दादा, रेल्वेतलं मला काही कळत नाही, पण तुम्ही ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणताय ते आमच्या रोजच्या हातातलं. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी त्यात नसते.

तुम्ही म्हणता नाक तीन वेळा घासलं. मला वाटतं घासण्यात चूक नाही, जोडण्यात आहे. दोन रूळ निमुळते करून जे टोक तुम्ही साध्या सोल्डरने जोडलंय, ते शेजारचे रूळ जोडताना पुन्हा तापतं आणि हलतं. कथिल-शिशाचं साधं सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं. शेजारी सोल्डरिंगची इस्त्री ठेवली की पहिला जोड पातळ होणारच. तुम्हाला डोळ्याला दिसत नाही, पण टोक केसभर सरकलेलं असतं.

आमच्याकडे एका दागिन्याला तीन ठिकाणी जोड असेल तर पहिला टाका (जोडायचा धातू) कडक, म्हणजे जास्त तापाला वितळणारा, दुसरा त्याहून नरम, तिसरा त्याहून नरम. तुम्हीही तसंच करा. नाकाची दोन टोकं आधी एकत्र धरून चांदीच्या टाक्याने जोडून घ्या. टाकणखार लावायचा, फुंकणीने किंवा गॅसच्या बारीक ज्योतीने तापवायचं. तो टाका ६०० डिग्रीच्या वर वितळतो, नंतर तुमच्या इस्त्रीने त्याला काही होत नाही. एवढं तापवल्यावर धातू थोडा नरम पडेल, पण तो तुकडा बोटभर लांब आणि भरीव, चिंता नाही. जोडल्यावर मग कानस लावा, आधी नाही. जोडलेल्या तुकड्याला एकच वस्तू समजून घासायचं.

बारीक कानशी सराफ बाजारात हत्यारांच्या दुकानात मिळतात. अर्धगोल आणि तिकोनी, दोन्ही घ्या. आणि चिमटा पितळी नको, स्टीलचा घ्या, पितळी चिमट्याला सोल्डर चिकटतं.

सांधेवाला

सराफदादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आख्खा सांधा एकाच सोल्डरने करत होतो. उद्या तुमच्या पद्धतीने नवा तुकडा करतो.

माजी पीडब्ल्यूआय (रेल्वेचा रूळ निरीक्षक, भुसावळ)

सांधेवाला, नाक ठीक करा, पण आधी नाकाच्या समोरची चेक रेल मोजा. बहुतेक लोक नाकाला दोष देतात. नाक चाकाला धरत नाही, चेक रेल धरते. समोरच्या रुळाशेजारची चेक रेल चाकाला मागून ओढून ठेवते, म्हणून इकडचं चाक नाकावर धडकत नाही. ती सैल असेल तर नाक कितीही सुंदर घासा, चाक त्याच्यावर चढणार.

आमची मापं देतो, तुम्ही भागाकार करा. ब्रॉडगेजच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६०० मिमी. क्रॉसिंगसमोरच्या चेक रेलची फट कमीत कमी ४४, जास्तीत जास्त ४८ मिमी. नव्या चाकाची फ्लेंज (आतली कड) २८.५ मिमी जाड. सांध्याची जीभ उघडते ११५ मिमी.

आणखी एक. नाक टोकदार करू नका. ज्याला आम्ही थिऑरेटिकल नोज म्हणतो तो बिंदू फक्त नकाशात असतो. प्रत्यक्षातलं नाक त्याच्या मागे, रुळाच्या वेबइतक्या (मधल्या उभ्या भागाइतक्या) जाडीला बोथट केलेलं असतं, आणि विंग रेलपेक्षा (नाकाच्या दोन्ही बाजूंना वळलेल्या रुळांपेक्षा) किंचित खाली असतं, म्हणजे चाकाचा भार आधी विंग रेलवरून सरकत नाकावर येतो.

सांधेवाला

काका, रात्रीच मोजलं. भागाकार असा: चाकांचं अंतर २१.० मिमी, चेक रेलची फट ०.५८ ते ०.६३, फ्लेंज ०.३७, जिभेची उघडीप १.५. माझी फट? चेक रेलची आणि विंग रेलचीही ०.९ निघाली. डोळ्याने लावली होती.

आणि त्यातून दुसरी गोष्ट उलगडली. विंग रेल आणि नाकाच्या मधे चाकाला आधार नसतो तो टप्पा साधारण फट गुणिले क्रॉसिंगचा आकडा एवढा. ०.९ गुणिले ८.५ म्हणजे साडेसात मिमीच्या वर. ०.६ केली तर पाच. म्हणजे एकाच चुकीने चाक सैल सुटत होतं आणि खड्डाही लांब झाला होता.

फट लावायला मोटारसायकल गॅरेजातलं फीलर गेज आणलं, टॅपेट सेट करायला वापरतात ते. ०.६ ची पाती रूळ आणि चेक रेलमध्ये, तशीच नाक आणि विंग रेलमध्ये ठेवायची, बोटाने दाबायचं, सोल्डर थंड होईपर्यंत सोडायचं नाही. नाकाचा नवा तुकडा सराफदादांच्या पद्धतीने केला. चाकंही बदलावी लागली, तयार चाकांची फ्लेंज एवढ्या बारीक फटीत जात नाही. बारीक फ्लेंजची चाकं लांब आसावर २१ मिमी अंतराने बसवली.

डबा बोटाने ढकलला. क्रॉसिंगवर काहीच झालं नाही. दहा वेळा ढकलला.

माजी पीडब्ल्यूआय

छान. आता उलट्या दिशेने, आणि रिकामा डबा ढकलून बघा. भरलेला डबा खोटं बोलतो.

(एक माहिती म्हणून: काँक्रीट स्लीपरवर सरळ लाईनचा गेज आता १६७३ ठेवतात. तुमचा काळ लाकडी आणि लोखंडी स्लीपरचा, म्हणून १६७६ बरोबरच आहे.)

नवशिका (अमळनेर)

सर, मी बारावीला आहे. आमच्या घरावरून सुरत-भुसावळ लाईन दिसते. लेथ नाही, सराफ ओळखीचा नाही. सुरुवात कुठून करू?

सांधेवाला

सर म्हणू नकोस रे, भाऊ म्हण. एक सरळ तुकडा कर, वीतभराचा. त्यावर सांधा नको, वळण नको. पीसीबीच्या चार पट्ट्या, दोन रूळ, एक इस्त्री, राळेचं फ्लक्स. गेजसाठी सुताराकडून सागवानी पट्टी बरोबर मापाने रंधून घे, तीही चालते, फक्त दमट हवेत परत मोज. आधी एक रूळ सरळ लाव, स्टीलच्या फूटपट्टीला टेकवून. दुसरा त्याच्या मापाने. दोन्ही रूळ एकदम लावायला जाऊ नकोस, तिथेच सगळ्यांची गडबड होते. झाला की फोटो टाक.

सांधेवाला (मे महिना)

मंडळी, वाईट बातमी. काल दुपारी खोलीत गेलो तर डाऊन लाईन (भुसावळकडे जाणारी) सापासारखी वळली होती. संक्रांतीच्या सुमारास, सकाळच्या गारव्यात टाकलेली लाईन. आता बाहेर ४५, पत्र्याखाली त्याहून जास्त. एका ठिकाणी फेविकॉलवरून चार स्लीपर उचलले गेलेत आणि लाईन बाजूला फुगलीय. ९० सेंटीमीटरचे रूळ टोकाला टोक भिडवून, प्रत्येक स्लीपरला सोल्डर केलेले होते. काय चुकलं ते कळतंय, पण दुरुस्ती कशी करू? चार महिन्यांचं काम आहे. रात्री झोप लागली नाही.

तापी-पूर्णा (फैजपूर)

भाऊ, मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून आकडे मांडते. जर्मन सिल्व्हर दर डिग्रीला दशलक्षांश सुमारे १७ भाग वाढतं. पोलाद १२ च्या आसपास. म्हणजे खऱ्या रुळापेक्षा तुमचा रूळ तापाला जास्त हळवा आहे. ९०० मिमीचा रूळ ३० डिग्रीने तापला तर जवळजवळ अर्धा मिमी वाढतो.

अर्धा मिमी किरकोळ वाटतो. पण तो जर ३० सेंटीमीटरच्या टप्प्यात कोंडला आणि रूळ कमानीसारखा झुकला, तर मधला फुगवटा सुमारे साडेसात मिमी येतो. वाढ थोडी, फुगवटा पंधरा पट. म्हणून तुम्हाला एवढी मोठी नागमोड दिसली. तुमच्या हाताचं काम वाईट नव्हतं, रुळाला जागाच नव्हती.

माजी पीडब्ल्यूआय

ताईंनी बरोबर सांगितलं. आजकाल आम्ही लांब वेल्डेड रूळ टाकतो, पण त्याला जड काँक्रीट स्लीपर आणि खडी दाबून धरतात, आणि ठरलेल्या तापमानाला रूळ मोकळा करून मगच बांधतात. तुमच्या प्लायवूडवर ती पकड नाही. तुम्ही जुनी पद्धत धरा: १३ मीटरचा रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), मध्ये फट. खानदेशच्या उन्हात लाईन शतकभर त्याच पद्धतीने टिकली.

तापी-पूर्णा

१३ मीटर म्हणजे तुमच्या स्केलमध्ये १७०.६ मिमी. त्या तुकड्याला ४० डिग्रीचा फरक धरून वाढ येते ०.१२ मिमीच्या आसपास. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी जवळपास तेवढीच, ०.१ मिमी. गारव्यात टाकताना प्रत्येक जोडात कागदाचा कपटा ठेवा, नंतर काढून घ्या. तेवढी फट पुरेल.

सांधेवाला

ताई, हे वाचून मी खुर्चीवरून उठलो. खऱ्या रुळाच्या लांबीचा तुकडा आणि कागदाची फट, म्हणजे जे दिसायला बरोबर तेच उन्हालाही बरोबर!

उद्यापासून असं: १७ सेंटीमीटरचा प्रत्येक तुकडा मधल्या तीन पीसीबी स्लीपरवर सोल्डर, दोन्ही टोकांना रूळ लाकडी स्लीपरवर नुसता बसलेला, सरकायला मोकळा. वीज जोडातून जाईल यावर भरवसा ठेवायचा नाही, प्रत्येक तुकड्याला खालून दोन बारीक तारा. आठ मीटर लाईनला ४७ तुकडे, ९४ तारा. करू.

धुळेकर

लाईन नव्याने टाकताय तर खडीचं आत्ताच ठरवा. बाजारातली मॉडेलची खडी करडी आणि गोल असते, आपल्याकडची काळी आणि टोकदार. मी खडी क्रशरवरची कच वापरतो. आपल्या काळ्या पाषाणाचीच असल्याने रंगाला काही करावं लागत नाही.

खरी खडी साधारण ५० मिमीची, म्हणजे तुम्हाला ०.६६ मिमीचा दाणा हवा. कच आधी रव्याच्या चाळणीने चाळा, वरचं टाका. खाली पडलेलं मैद्याच्या चाळणीने चाळा, यावेळी खालचं टाका. मध्ये राहिलं ते तुमचं. धुऊन वाळवा, आणि मग न विसरता त्यातून मोठं लोहचुंबक फिरवा. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. माझी एक मोटार त्यानेच गेली.

चिकटवायला फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, सिरिंजने सोडा. सांध्याच्या जिभेजवळ आणि तुमच्या त्या सरकत्या टोकांजवळ मात्र एक थेंबही नको.

नवशिका (अमळनेर)

भाऊ, वीतभराचा तुकडा झाला. पाचव्यांदा. मल्टिमीटर शांत आहे आणि गेज दोन्ही टोकांना २२.

सांधेवाला

एक नंबर शे भो! फोटो टाक.

सांधेवाला (ऑगस्ट)

लाईन परत झाली. मेअखेरच्या उन्हातही पहिले वीस तुकडे जागचे हलले नाहीत. जोडांवरून डबा जाताना खरंच टक-टक वाजतं, चार चाकांचं वेगळं, आठ चाकांचं वेगळं. छोट्या लाईनच्या प्लॅटफॉर्मकडे अजून स्लीपर लागायचेत.

वडिलांच्या आठवणीसाठी डाऊन लाईनवर सीएसटी-नऊ स्लीपर केले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: रुळाखाली दोन ओतीव लोखंडी प्लेटा, मध्ये त्यांना जोडणारा टायबार, आणि रूळ धरायला ठोकलेल्या निमुळत्या चाव्या. कीमन हे नावच त्या चाव्यांवरून आलं. मी प्लेटा तांब्याच्या पीसीबीच्या केल्या आणि टायबार प्लॅस्टिकचा, धातूचा टाकला तर शॉर्ट. चाव्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून कापल्या, सव्वादोन मिमी लांब, एका टोकाला निमुळत्या, प्रत्येक सुईच्या टोकावर उचलून बसवली.

काल वडील वर आले. गुडघे दुखतात, जिना चढत नाहीत सहसा. चष्मा काढून पुसला, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि डाऊन लाईन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, तशी जशी ते बीटवर पाहायचे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका चावीवर करंगळीचं नख ठेवलं.

"ही डाऊन ना? गाडी मुंबईकडून भुसावळकडे?"

हो म्हणालो.

"मग चाव्या उलट्या ठोकल्यास. डबल लाईनला चावी गाडीच्या दिशेने ठोकतात. नाहीतर गाडीच ती सैल करत जाते."

मोजल्या. अठ्ठ्याण्णव चाव्या आहेत. चिमटा आणि भिंग घेऊन आज सकाळपासून काढायला बसलोय, चाळीस झाल्या. ते शेजारी खुर्ची घेऊन बसलेत आणि काढलेली प्रत्येक चावी बशीत मोजून ठेवतायत.